जुना तास, नवा तास

मित्रांनो, मिदेल्त गावातल्या एका कपाटात, लोकरीच्या पांघरुणांखाली पडून असलेला मी एक जुना लॅपटॉप आहे. माझं एक बटण उडालं आहे आणि बॅटरी तर कधीच गेली. आठवण मात्र शाबूत आहे, आणि तेच माझं दुखणं आहे.

माझी तरुणपणाची वर्षं कासाब्लांकातल्या एका विमा कचेरीत गेली. तिथून मोडीत निघालो, तेव्हा जुन्या सामानाच्या बाजारात घिझलानने मला उचललं. ती तेव्हा संगणक शिकत होती. शिक्षण संपल्यावर मला पाठीवर टाकून ती डोंगरात, आपल्या गावी परत आली. माझ्या आयुष्यातले चांगले दिवस तेव्हा सुरू झाले.

तिच्या शेजारी बा हद्दू राहायचे. सफरचंदाच्या बागा राखण्यात जन्म गेलेला माणूस. मूत्रपिंडं निकामी झाल्यामुळे त्यांना सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी डायलिसिसला जावं लागे. मिमून नावाचा चालक पहाटे दारोदार जाऊन, दारं बडवून रुग्णांना गाडीत भरायचा. कधी मशीन बंद असे, कधी पाळी बदललेली असे, आणि आजारी माणसं थंडीत ताटकळत बसत. घिझलानला ते बघवेना. तिने त्यांच्यासाठी ॲप लिहायला घेतलं.

त्यासाठी तिने माझ्यात क्लाउडचा साधनसंच बसवला. मंडळी त्याला एसडीके म्हणतात. माझ्यावर लिहिलेलं काम एका ओळीच्या हुकुमाने दूरच्या सर्व्हरवर चढवायचं, म्हणजे डिप्लॉय करायचं, हे त्या संचाचं काम. तिथे तिच्या दोन जागा होत्या, एक चाचणीची आणि एक खरी. चाचणीच्या जागेत काही मोडलं तरी कुणाचं बिघडत नसे. संच मात्र शेवटी निवडलेली जागाच धरून बसतो. आपण सांगेपर्यंत ती तो बदलत नाही.

ॲप चाललं. पाळीच्या बरोबर तासभर आधी मिमूनला निघण्याचा आणि प्रत्येक रुग्णाला 'बाहेर या, गाडी आली' असा निरोप जाई. केंद्रातल्या नर्सबाई बत्तूल यांनी घिझलानचा गाल कुरवाळला. बा हद्दू तर माझ्या झाकणावर थाप मारून म्हणाले, "काय गं पोरी, हा तुझा डबा माझ्या कोंबड्यापेक्षा शहाणा निघाला! कोंबडा आता रस्सा करून खायला हरकत नाही."

"बा, तुम्हाला रस्सा बंद आहे," घिझलान म्हणाली.

"बंद काय बंद! तू आणि ती बत्तूल मिळून मला उपाशीच मारणार."

मी अभिमानाने फुगलो होतो, हे कबूल करतो.

आमच्या देशात रमजान आला की घड्याळं एक तास मागे जातात आणि ईदनंतरच्या रविवारी पुन्हा पुढे येतात. म्हणून इथे कुणी वेळ सांगितली की दुसरा विचारतो, "जुना तास की नवा?" बा हद्दू बारा महिने जुन्याच तासावर जगत. भिंतीवरचं घड्याळ त्यांनी कधी हलवलं नाही. त्या दूरच्या सर्व्हरला आमच्या रमजानचा पत्ता नव्हता. म्हणून घिझलानने महिन्यापुरता एका तासाचा फरक हाताने घातला. महिना सुखरूप पार पडला.

ईदनंतरच्या त्या रविवारी घर पाहुण्यांनी भरलं होतं. दोनच दिवसांपूर्वी तिने रुग्णांसाठी मोठी अक्षरं करून चाचणीच्या जागेत पाहिली होती. आता तिने तासाचा फरक काढला आणि हुकूम दिला. स्वयंपाकघरातून आई ओरडली, "घिझलान, चहा कोण ओतणार? मावशी निघाल्या!"

"आले गं आई, झालंच!"

माझ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं, काम पूर्ण. त्याच्या वरच्या ओळीत जागेचं नाव होतं, चाचणी. मी ते तितक्याच स्वच्छपणे दाखवलं होतं. तिने हिरवं पाहिलं आणि झाकण लावलं. मला तोंड असतं तर मी किंचाळलो असतो.

मंगळवारी सकाळी मिमून घरी आला. चपलाही न काढता तो दारातच उभा राहिला.

"बा हद्दू गेले," तो म्हणाला.

खऱ्या जागेत रमजानचा फरक तसाच राहिला होता, म्हणून काल निरोप एक तास उशिरा आला होता. रुग्ण केंद्रात पोहोचेपर्यंत त्यांच्या पाळ्या दुसऱ्यांना गेल्या होत्या. एकच मशीन रिकामं होतं. बा हद्दूंनी ते तीन लेकरांच्या आईला, रब्हाला दिलं. "माझं काय, उद्या बघू," म्हणाले. शुक्रवारपासून त्यांचं रक्त धुतलं गेलं नव्हतं, आणि त्यांच्या आजारात वर्ज्य असलेले ईदचे खजूर त्यांनी चोरून खाल्ले होते.

"मिमून, वेळ चुकतेय हे तुला कळलं नाही?" घिझलानचा आवाज फाटला. "एक फोन करायचास!"

"निरोप आला तेव्हा मोबाइलमध्ये तास जास्त दिसला. वाटलं, रमजान संपला, तूच वेळ बदलली असशील." तो म्हणाला. "पूर्वी मी दारं बडवायचो गं. तूच म्हणालीस, कशाला लोकांची झोप मोडतोस."

ती माझ्यापाशी आली. वरची ओळ तिने वाचली, पुन्हा वाचली. मग तिने योग्य जागा निवडली आणि तोच हुकूम दिला. पुन्हा हिरवी अक्षरं आली. त्यानंतर तिने मला कपाटात ठेवलं. मला तिचा राग नाही, पण ती पुन्हा हसलेली मी ऐकली नाही.

मित्रांनो, आमची काळजी घ्या, धूळ पुसा, एवढंच सांगून मी थांबलो असतो. पण माझं मागणं वेगळं आहे. यंत्राने 'झालं' म्हटलं, तर कुठे झालं ते वाचा. आणि ज्याचा जीव त्या यंत्रावर टांगलेला आहे, त्याचं दार एकदा हातानेही वाजवा. मिमून आता पुन्हा वाजवतो.

बा हद्दूंचं नाव यादीतून काढायला घिझलानचा हात धजत नाही. त्यांचा फोन आता त्यांच्या मुलीकडे असतो. परवा ती इथे येऊन घिझलानच्या आईला सांगत होती, सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी पहाटे तो वाजतो, 'बाहेर या, गाडी आली.' आणि आता तो अगदी वेळेवर वाजतो.