डाव्या चाकाची आतली कड

मी रामरावांच्या मोटारीचा पुढचा डावा टायर बोलतोय. म्हणजे होतो. आता मी बुलढाण्यात गुलाम रसूल मिस्त्रीच्या दुकानाबाहेर खिळ्याला टांगलेला आहे आणि माझ्या अंगाचा अजून तिळपापड होतोय. ऐकायचं असेल तर शेवटपर्यंत ऐका. अर्धवट ऐकणाऱ्यांनीच हा सगळा घोळ घातलाय.

मुंबईच्या कारखान्यात साच्यातून निघालो तेव्हा माझ्या अंगावरची नक्षी बघत राहावी अशी होती. महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली होती. मालगाडीने मलकापूर, तिथून ट्रकने घाट चढून बुलढाणा, आणि मग देऊळघाटच्या रामरावांच्या काळ्या मोटारीला मी लागलो. गावात मोटार तेवढी एकच. मालकी रामरावांची, पण ती चालवायचा, धुवायचा, तिचं दुखलंखुपलं बघायचा तो इंद्रभान.

इंद्रभान माळकरी. गळ्यात तुळशीची माळ घातली त्या दिवसापासून त्याने दारूला बोट लावलं नव्हतं. गावच्या भजनात टाळ त्याचाच. रोज सकाळी ओल्या फडक्याने तो आम्हा चौघांना पुसायचा आणि अंगठ्याने दाबून हवा बघायचा. असा माणूस मिळायला टायरचंही नशीब लागतं.

घरात रामरावांची आई, गोजरबाई. मोटार बाहेरगावी निघाली की ती चारही चाकांखाली एकेक लिंबू ठेवायची. आमच्याखाली लिंबू फचकन फुटलं की तिचा जीव भांड्यात पडायचा. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. लिंबाने टायरचं काही बिघडत नाही. बिघडवलं ते तिच्या लेकाने!

सुलतानपूरला लग्न होतं. इंद्रभान पंगतीला बसला होता. रामरावांना व्याह्यांपुढे ऐट दाखवायची हुक्की आली. पंगतीत येऊन त्यांनी हात पुढे केला, "किल्ली दे बे."

"मालक, दोन घास खाऊन येतो ना मी."

"तू जेव. मले काय चालवता येत नाई काय?"

नाहीच येत! आडव्या गल्लीपर्यंत नेली कशीबशी. पुढे ओढ्यावरचा पूल लागला, आणि बाजूला बसलेल्या व्याह्यांशी बोलता बोलता या गृहस्थांनी मला थेट कठड्यावर नेऊन आदळलं. असा हादरा बसला की खालचा लोखंडी दांडा वाकला. हा दांडाच आम्हा पुढच्या दोघांची तोंडं सरळ धरून ठेवतो. रामराव खाली उतरले, धोतर झटकलं, इकडेतिकडे बघितलं आणि व्याह्यांना म्हणाले, "रस्ता लय खराब हाये राजेहो तुमचा." वा रे वा! इंद्रभानला यातलं एक अक्षर सांगितलं नाही.

त्या दिवसापासून माझं तोंड बोटभर डावीकडे वळलं. मोटार जायची सरळ आणि मी बघायचो डावीकडे. दर मैलाला माझी आतली कड रस्त्यावर खरवडत होती. बाहेरून मी ठणठणीत दिसायचो, पुसताना हातालाही काही लागायचं नाही. आत हात घालून बघतो कोण?

पण इंद्रभानच्या हाताला स्टेअरिंग कळत होतं. चौथ्याच दिवशी तो म्हणाला, "मालक, मोटार डावीकडं ओढून राह्यली. रसूलभाईकडून चाकाची लाइन पाहून घेऊ."

रामराव चपापले. मिस्त्रीने दांडा पाहिला असता तर ठोकर बाहेर आली असती ना! तेवढ्यात गोजरबाईच म्हणाली, "ओढीन नाई तं काय? फाट्यावर डाव्या हाताले मारुती हाये. कितीक दिस झाले, त्याले नारळ नाई फोडला तुमी. तोच बलावून राह्यला."

रामरावांनी ते वरच्यावर झेललं. "बरोबर हाये मायचं. मारुतीच ओढते."

झालं! त्यानंतर दर खेपेला फाट्यावर नारळ. मला हळद, मला कुंकू, माझ्या गळ्यात झेंडूची माळ. अहो, बुलढाण्याहून परत येताना तो मारुती उजव्या हाताला असतो! तरी मोटार डावीकडेच जायची. एवढी साधी गोष्ट एकाच्याही डोक्यात येऊ नये? गोजरबाई भोळी होती, तिला मी माफ केलं. पण रामरावांना सगळं ठाऊक होतं. देवाच्या नावाआड लपणाऱ्या माणसाची मला शिसारी येते.

इंद्रभान दोन्ही हातांनी स्टेअरिंग उजवीकडे दाबून धरत महिनाभर चालवत राहिला. संध्याकाळी त्याचे खांदे भरून यायचे. तीनदा त्याने लाइनीचं काढलं, तीनदा त्याला गप्प बसवलं.

शेवटी बाजाराच्या दिवशी व्हायचं ते झालं. फाट्यावर माणसांची ही गर्दी. समोरून बैलगाडी आली, इंद्रभानने ब्रेक दाबला आणि माझी आतली कड फाट्कन फुटली. मोटार डावीकडे गेली आणि मारुतीच्या ओट्याचा कोपरा पाडून थांबली. मागे बसलेल्या गोजरबाईच्या कपाळाला टेंगूळ आलं. बाकी कोणाला खरचटलंही नाही.

रामराव बाजारातच होते. धावत आले. माणसं जमलेली बघितली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे ओरडले, "पिऊन चालवते हा!"

इंद्रभानचा हात गळ्याकडे गेला. "मालक, माळ हाये माह्या गळ्यात."

"माळ घालून पेनारे लय पाह्यले मी!"

इंद्रभानने किल्ली बॉनेटवर ठेवली आणि तो चालू लागला. मी तिथे फाटून पडलो होतो, पुरावा माझ्या अंगावर होता, आणि मला तोंड नव्हतं! त्या दिवशीचा संताप अजून माझ्या तारांमध्ये आहे.

दुसऱ्या दिवशी बैलांनी ओढत मोटार गुलाम रसूलच्या दुकानात आणली. मिस्त्रीने मला काढलं, आत हात फिरवला आणि "या अल्ला" म्हणाला. स्टेपनी चढवून त्याने मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणली आणि काडीने अंतर मोजलं. मग उजव्या बाजूला मोजलं. मग गाडीखाली शिरला आणि वाकडा दांडा घेऊन बाहेर आला. भट्टीत तापवून, ऐरणीवर ठोकून दांडा सरळ केला, परत बसवला आणि पुन्हा दोरी लावली. चार वेळा मोजलं तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं.

काम शोधत इंद्रभान चार दिवस तिथेच येऊन बसत होता. देऊळघाटात माणसं आता बोलता बोलता त्याच्या तोंडाचा वास घेत होती. भजनात त्याचा टाळ दुसऱ्याला दिला होता.

रामराव मोटार न्यायला आले तसं मिस्त्रीने विचारलं, "रामरावजी, दारूनं दांडा वाकत नाई. टायर आतून घासला, म्हनजे तो लय आधीचा वाकडा. मोटार कोनं ठोकली होती?"

इंद्रभानने मान वर केली. "सुलतानपूरले किल्ली तुमी नेली होती, मालक."

रामराव खाली बघत म्हणाले, "होते कधी कधी. जाऊ दे ना बे. उद्यापासून ये कामावर."

"बाजारात बोलले तुमी मले. तिथंच सांगा, इंद्रभान पेला नोता म्हनून. मंग येतो."

"सरळ झाली ना मोटार? मंग काऊन तानून राह्यला?" असं म्हणून रामरावांनी स्वतःच मोटार सुरू केली. गेली, अगदी सरळ गेली. मी मागे राहिलो.

इंद्रभानने मला उचललं. इतर कोणी असता तर माझ्या चपला कापल्या असत्या. त्याने मला इथे खिळ्याला टांगलं, आतली कड बाहेर करून. आता तो भाड्याचा ट्रक चालवतो. गिऱ्हाईक आलं की मिस्त्री त्याचा हात धरून माझ्या कडेवर फिरवतो आणि सगळी हकिकत सांगतो. देऊळघाटचे लोकही येतात, हात फिरवतात आणि खाली मान घालून जातात.

म्हणून तुम्हालाही सांगतो, मोटार एकीकडे ओढत असेल तर माणसाला बोल लावण्याआधी चाकाच्या आत हात घाला.

परवा रामराव आले होते. माझ्याकडे न बघता मिस्त्रीला म्हणाले, "रसूलभाई, हा टायर काढ ना आता इथून. किती दिवस ठेवशीन?"

मिस्त्री हात पुसत म्हणाला, "माहा नाई तो. इंद्रभानचा हाये. त्याले इचारा."

रामराव मोटारीत बसले आणि निघून गेले. उद्या देऊळघाटचा बाजार आहे. तिथे रामराव काय बोलतात, त्याची मी वाट बघतोय.