पाइपाची पट्टी

पहाटेचं धुकं उतरलं की लोधिवलीजवळचा तो लोखंडी पूल अर्धाच दिसायचा. पलीकडची वाडी तर कुणी स्वप्नात पाहून विसरून गेल्यासारखी. झोहरा पुलाखाली टांगलेल्या पाळण्यात उताणी पडून तुळईचे सांधे न्याहाळत होती. नेरळची ही मुलगी इंजिनिअर होती. इथलं वेल्डिंग अजून किती वर्षं टिकेल, हे तिला सांगायचं होतं.

वरून टेंपो गेला. तुळई किंचित वाकली, पुन्हा सरळ झाली. तुळईला चिकटवलेल्या तारांमधून तेवढी हालचाल लॅपटॉपवर लाट होऊन उमटली. आठवडाभर झोहरा या लाटाच मोजत होती. एका लाटेनं लोखंडाचं काही बिघडत नाही, लाखो लाटांनी मात्र ते थकतं. पाहता पाहता तिचे डोळे जड व्हायचे. पुलाच्या सव्वीस वर्षांतल्या साऱ्या सायकली, बैलगाड्या, वराती आपल्या अंगावरून हलकेच चालल्यात, असं वाटायचं.

काठावर नामाकाका बसलेले असायचे. या पुलाचं वेल्डिंग त्यांच्या हातचं.

"माजा सांदा सुटायचा नाय गं," ते रोज म्हणायचे.

त्या सकाळी तिनं सांध्यांवर लाल रंग फवारला, पुसून काढला, वर पांढरी पूड मारली. थोड्या वेळानं पांढऱ्यातून केसाएवढी लाल रेघ उमटली. तडा होता. मोठ्या सांध्याला नव्हे, पाण्याचा पाइप धरायला मागाहून वेल्ड केलेल्या एका पट्टीच्या टोकाशी.

"काका, ही पट्टी कुणी लावली?"

नामाकाका खाली उतरून आले. चष्मा सावरून रेघेजवळ वाकले.

"मीच. वाडीत पानी नवतं. बाया डोक्यावरनं हंडं न्यायच्या. एका दुपारी लावून दिली."

"तुमचे सांधे पक्के आहेत. पण पट्टी संपते तिथं ताण साचतो, तिथूनच तडा सुरू होतो."

"म्हंजी भलं कराया गेलो नि पूल मोडला?"

"मोडला नाही, काका. वेळेत दिसलंय."

त्याच दुपारी टेंपो बंद झाले. वाडीतले लोक दोन दिवस तिच्यावर चिडून होते. मग तडा पुढं सरकू नये म्हणून त्याच्या टोकाला गोल भोक पाडलं, दोन्ही बाजूंनी जाड पत्रे बोल्टांनी आवळले. पाइपालाही बोल्टचा पट्टा आला. जुनी पट्टी घासून काढायची वेळ आली तेव्हा नामाकाकांनी ग्राइंडर मागून घेतला.

"माज्या हातानं लावली, माज्याच हातानं काडतो."

ठिणग्या नदीवर सांडत राहिल्या. काकांनी ती जागा इतकी गुळगुळीत केली, की झोहराच्या बोटांना पट्टीची खूणही लागली नाही.

"आता किती वर्सं?" त्यांनी विचारलं.

"पंधरा तरी. दरवर्षी तपासलं तर."

"मग येत जा दरवर्सी," नामाकाका म्हणाले आणि डोळ्यावरचा चष्मा काढून सदऱ्यानं पुसू लागले.