मागच्या दाराचा वारा

“आजी, हा डबा दिवसभर यांच्या कमरेलाच राहू द्या,” हवा मोजायला आलेला माणूस म्हणाला. “नळी गळ्यापाशी. श्वासात काय जातं ते कळायला हवं.”

“आजी कोणाला म्हणतोस रे?” मी म्हटलं. तो हसला, माझ्या सुनेच्या कॉलरला नळीचा चिमटा लावून पुढच्या खात्यात गेला.

आम्ही पर्सना अस्तर चिकटवतो. चिकटवायच्या सोल्युशनचा वास घरी न्हाल्यावरही जात नाही. आकडा वर गेला तर टेबल बंद, असं मुकादम सकाळीच कानाशी सांगून गेला होता. टेबलावर अकराजणी, आणि माझ्या शब्दाबाहेर एकही नाही. मी सुनेचा डबा सोडला आणि मागच्या दारापाशी, मोकळ्या वाऱ्यात, खिळ्याला टांगला.

“आई, तो मोजणारा ओरडेल.”

“ओरडू दे. तू ब्रश मार.”

सुट्टीआधी डबा परत तिच्या कमरेला. सगळ्याजणी तोंड दाबून हसल्या. आकडा इतका झकास आला की मालकाने भिंतीतला बंद पंखासुद्धा दुरुस्त केला नाही.

सहा महिन्यांनी सून जिन्यात पडली. पुन्हा पडली. आधी पायांना मुंग्या, मग त्याही नाहीत. “धड खात नाहीस, दुसरं काय!” मी तिलाच झापलं.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या तळव्याला सुई टोचली. ती शांत. मग बाईंनी कारखान्याचा कागद वाचला.

“मोजमाप यांच्याच नावाचं आहे. हवा चांगली आहे. सोल्युशनमुळे झालं असं कसं लिहू? दुसरं कारण शोधू. तोवर कामावर जाऊ द्या.”

चूक कबूल करणं माझ्या रक्तात नाही. माझा नवरा बिचारा ती कबुली ऐकायच्या आशेवरच गेला.

“तो कागद हिचा नाही, दाराच्या खिळ्याचा आहे,” मी म्हटलं. “डबा मी टांगला होता.”

बाईंचं पेन थांबलं. “म्हणजे हिच्या श्वासातली हवा कोणी मोजलीच नाही?”

“नाही.”

सून माझ्याकडे बघत राहिली.

सोल्युशनजवळ फिरकायचं नाही, असं बाईंनी लिहून दिलं. पाय सुधारतील का, विचारलं, तर म्हणाल्या, “वाट बघू.”

बाहेर तिला बाकावर बसवलं. मी खाली गुडघ्यांवर बसले, तिच्या पायांत चपला सरकवल्या, पट्टे लावले. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती.

“आई,” तिने विचारलं, “घातल्या का?”