भिंतीतली पाचवी वायर

मित्रांनो, माझी ओळख करून देताना मला जरा संकोच वाटतो, कारण एकतीस वर्षांच्या आयुष्यात अठ्ठावीस वर्षं मी काहीच केलेलं नाही. मी एक निळी वायर आहे. माझं एक टोक बैठकीच्या खोलीच्या भिंतीत आहे आणि दुसरं तळघरात, घर गरम ठेवणाऱ्या भट्टीच्या पोटात.

कारखान्यात आम्हा पाच जणींना एकाच तपकिरी वेष्टनात गुंडाळलं होतं. घर बांधलं तेव्हा वायरमनने चौघींना कामाला लावलं. लाल खालून वीज आणायची. पांढरी 'गरम करा' हा निरोप खाली न्यायची आणि पिवळी 'गार करा' हा. हिरवीकडे पंखा होता. माझी पाळी आली तेव्हा वायरमन म्हणाला, "ही राहू दे जास्तीची," आणि माझी दोन्ही टोकं दुमडून तो जेवायला निघून गेला.

भिंतीवर तेव्हा एक गोल थर्मोस्टॅट होता. त्याच्या आत धातूची वळलेली पट्टी होती. थंडीत ती आखडून लाल-पांढरीची गाठ घालून द्यायची, की खाली भट्टी पेटायची. खोली उबदार झाली की पट्टी सैल व्हायची आणि गाठ सुटायची. स्वतःसाठी त्याला विजेचा थेंबही लागत नसे. मला मात्र भारी कुतूहल. मी लालला विचारायची, "अगं, तू आणतेस ती वीज परत कशी जाते?"

"पांढरीतून, भट्टीतून फिरून. तुला काय करायचंय?"

खरंच, मला काय करायचं होतं? पण विचारल्याशिवाय राहवत नसे.

या घरातले आजोबा बस आगारात वाहतूक नियंत्रक होते. कुठली बस किती वाजता सुटली आणि किती वाजता आली, हे त्यांनी जन्मभर लिहिलं. निवृत्त झाले तरी खिशातली वही-पेन्सिल काही सुटली नाही.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाने नवा थर्मोस्टॅट आणला. काचेचा, चकचकीत, फोनवरून हुकूम ऐकणारा. गोल म्हातारा भिंतीवरून उतरला आणि इतक्या वर्षांनी माझ्यावर उजेड पडला. मी खोली डोळे भरून पाहून घेत होते, तोच मुलाच्या हातात कटर दिसला.

"ही निळी कशालाच जोडलेली नाही. उगाच मध्ये येते. टाकतो कापून."

"असू दे रे," टॉर्च धरून उभे असलेले आजोबा म्हणाले. "दुमडून ठेव मागे. तुझं काय खाते ती?"

मुलाने मला मागे कोंबलं. त्या तीन शब्दांवर मी वाचले, मित्रांनो.

नव्या साहेबांचा थाट मोठा. पडदा उजळायचा, फोनशी गप्पा चालायच्या. या सगळ्याला सतत वीज हवी. लाल ती आणत होती, पण विजेला यायला वाट लागते तशी घरी परतायलाही लागते, आणि इथे परतीची वाट जोडलेलीच नव्हती. मग साहेबांनी चोरी सुरू केली! भट्टी बंद असली की पांढरीतून विजेचा एवढासा घोट घ्यायचा, इतका लहान की भट्टीला पत्ता लागू नये, आणि पोटातली इवलीशी बॅटरी भरून ठेवायची. कधी घोट मोठा झाला तर भट्टी चालू-बंद करणारा तळघरातला रिले दचकून 'टिक' करायचा. भट्टी चालू असताना मात्र लाल आणि पांढरी एकमेकींना जोडलेल्या, तेव्हा चोरायला काही उरतच नसे. मला या युक्तीची गंमत वाटत होती. थंडी पडेपर्यंत.

एका रविवारी रात्री कडाका पडला. भट्टी रात्रभर चालली आणि बॅटरी भरायला फुरसतच मिळाली नाही. सोमवारी मुलगा आणि सून कामावर गेले, त्यानंतर साडेनऊला पडदा काळा पडला. भट्टीही थांबली. मग साहेबांनी पुन्हा घोट घोट चोरून दुपारपर्यंत स्वतःला सावरलं. संध्याकाळी दोघं परतली तेव्हा पडदा लखलखत होता, घर अजून पुरतं तापलं नव्हतं आणि आजोबा दोन स्वेटर घालून बसले होते.

"बाबा, तुम्ही काही दाबलंत का?"

"नाही रे. आपोआप बंद पडला. आणि खालून टिक टिक येतं, ऐक कधीतरी."

"चालू तर आहे हा!"

बुधवारी पुन्हा तेच. त्या संध्याकाळी सून माझ्या भिंतीपाशी उभी राहून हळूच म्हणाली, "हल्ली चष्माही कुठेतरी विसरतात. डॉक्टरांना दाखवायचं का?"

"आवाजही ऐकू येतात म्हणे," मुलगा म्हणाला.

आजोबांची खुर्ची तिथून चार हातांवर होती. त्यांची पेन्सिल कागदावर चालता चालता थांबली, ते मी ऐकलं. मला सगळं ठाऊक होतं, मित्रांनो. ज्यांनी मला वाचवलं त्यांच्यासाठी मला एक शब्द बोलता येत नव्हता, याचं फार वाईट वाटलं.

शुक्रवारी पडदा पुन्हा काळा झाला, तेव्हा संध्याकाळी मुलाने थर्मोस्टॅटवर कुलूप लावायची प्लॅस्टिकची पेटी बसवली आणि किल्ली खिशात टाकली. आजोबांनी वही उघडून एक ओळ लिहिली. पण रविवारी सकाळी, सगळे घरात असताना, मुलाच्या डोळ्यांदेखत त्या बंद पेटीत पडदा काळा पडला.

दुसऱ्या दिवशी भट्टी दुरुस्त करणाऱ्या बाई आल्या. "नेमकं कधी बंद पडतं?" त्यांनी विचारलं. मुलाला सांगता येईना. आजोबांनी खिशातून वही काढून दिली. बाई मोठ्याने वाचू लागल्या.

"सोमवार, साडेनऊ, बंद. मी हात लावला नाही. दुपारी दोनला आपोआप चालू. बुधवार, पावणेदहा, बंद. मी हात लावला नाही. शुक्रवार, नऊ वाजून दहा, बंद. बहुधा मी हात लावला नाही."

त्या 'बहुधा'वर बाई अडखळल्या. मुलाने मान खाली घातली.

"नोंद अचूक आहे, आजोबा," बाई म्हणाल्या. "भट्टी रात्रभर चालली की हा उपाशी राहतो, म्हणून थंडीच्या सकाळीच मान टाकतो. ती टिक टिकही खरीच. याला परतीची वायर हवी. नसली तर भिंत फोडून नवी टाकावी लागेल." त्यांनी पेटी आणि थर्मोस्टॅट उतरवून मागे बोट घातलं. "अरे वा! ही निळी कुणी जपून ठेवली?"

"मी कापणार होतो," मुलगा म्हणाला. "बाबांनी थांबवलं."

बाईंनी आधी वीज बंद केली. मग माझं एक टोक थर्मोस्टॅटला आणि दुसरं तळघरात, लाल जिथून वीज आणते त्या ट्रान्सफॉर्मरच्या परतीच्या जागी जोडलं. वीज सुरू झाली आणि पहिल्यांदा ती माझ्यातून गेली. इतकी वर्षं लालला विचारत होते ना, परत कशी जाते म्हणून? अशी जाते! रिले पुन्हा कधी दचकला नाही.

मुलाने पेटी अडगळीत टाकली आणि तो आजोबांसमोर येऊन उभा राहिला. "बाबा, चुकलं माझं."

"असू दे रे," आजोबा म्हणाले. "आधी खोडरबर आण."

त्यांनी वही मांडीवर घेतली आणि शुक्रवारच्या ओळीतला 'बहुधा' हा एकच शब्द खोडून टाकला.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. एखादी वायर बिनकामाची दिसली तर कापण्याआधी तिचं दुसरं टोक कुठे जातं ते बघा. आणि घरातलं म्हातारं माणूस "मी हात लावला नाही" म्हणालं, तर त्याच्या मनात 'बहुधा' येण्याआधी एकदा भिंत उघडून बघा.