बोटाखालची मराठी

इंदुताईंची दृष्टी गेली तेव्हा त्या पन्नाशीत होत्या, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका शाळेत गाणं शिकवत होत्या. पुढं त्या जिद्दीनं ब्रेल शिकल्या, पण ग्वाल्हेरात ब्रेलमध्ये मिळायची ती हिंदी पुस्तकं. मराठी वाचायचं राहूनच गेलं.

त्यांची भाची श्रुती इंदरगंजात एका छोट्या कंपनीत प्रोग्रामिंग करायची. तिनं मावशीसाठी एक यंत्र केलं. मराठी मजकुराची फाइल त्यात टाकली की सी भाषेतला प्रोग्राम एकेक अक्षर वाचणार आणि वरच्या पट्टीवर त्याचे ठिपके उठणार. इंदुताईंनी आपल्या गुरुजींवर लेख सांगितला, श्रुतीनं तो टाइप केला. रविवारी मराठी मंडळात तो इंदुताई स्वतः वाचणार होत्या.

शनिवारी सकाळी फाइल टाकली. पट्टी सपाटच राहिली.

"काही येत नाही गं."

"रुक ना मावशी, बघते."

कीबोर्डवरून टाकलेले शब्द आठवडाभर नीट उमटत होते. मजकूर कोणत्या लिपीत आहे तेही तिनं प्रोग्रामला आधी सांगितलं होतं. तरी फाइलमधलं पहिलंच अक्षर हाती येईना. तिनं सहकारी अभिरामला स्पीकरवर फोन लावला.

"इतना टेन्शन क्यों? रोमनमध्ये टाइप करून दे, चल जाएगा," तो म्हणाला.

इंदुताईंनी ते ऐकलं. "नको. मग तूच वाच उद्या," त्या शांतपणे म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. त्या चिडल्या असत्या तर श्रुतीला बरं वाटलं असतं.

दुपारी ती प्रोग्राम एकेक ओळ वाचत बसली. फाइल रिकामी तर नाही, हे बघायला तिनं सुरुवातीला fgetc नं एक बाइट वाचून परत ठेवला होता. पुढं अक्षरं मागितली होती fgetwc नं. सीमध्ये उघडलेली फाइल पहिल्या वाचनालाच ठरवते, सुटे बाइट द्यायचे की अख्खी अक्षरं. मग बंद करेपर्यंत ती बदलत नाही. एक मराठी अक्षर तर तीन बाइटांचं! तिनं ती तपासणी काढून टाकली. रिकामी फाइल fgetwc लाही कळतेच की.

"मावशी, ये बरं."

इंदुताईंची बोटं पट्टीवरून सरकू लागली. "गुरुजी मुरारहून सायकलनं यायचे, रोज सका..." त्या थांबल्या.

"अटकलं का?"

"नाही गं. ळ आहे. तक्त्यावर शिकले होते, पण हिंदी पुस्तकांत कधी भेटलाच नाही." त्यांनी बोट तिथंच ठेवलं.

रविवारी त्यांनी लेख सावकाश वाचला. मधे एकदा ओळ चुकली, त्या मागं गेल्या, सभागृह थांबलं.

घरी परतताना श्रुतीनं विचारलं, "आता काय भरू यात?"

"काहीतरी हसवणारं भर," इंदुताई म्हणाल्या, "आणि मोठं बघ. लवकर संपायला नको."