एका वेळी एकच फोन

आमच्या घरात प्रत्येकाचा टॉवेल वेगळा, पण गाण्यांच्या ॲपचं खातं एकच. माझं. गेल्या चवथीला दिरानं, गौरेशनं, माझ्याकडून पासवर्ड मागून घेतला आणि गणपतीवरच्या फळाफुलांच्या माटोळीखाली बसल्या बसल्या घरभर वाटला. हा एकाच माणसाचा प्लॅन आहे, एका वेळी एकाच फोनवर गाणं वाजतं, हे मी तेव्हाच सांगितलं होतं.

"वयनी, आमी कितें भायले?" म्हणाला. घरचे परके कसे, म्हणून सगळे हसले. मीही हसले, मूर्खासारखी.

त्या रविवारी घरात मी आणि माझा मुलगा साईश दोघंच होतो. बाकी सगळे पेडण्याला, नणंदेकडे. हर्षाला सातवा महिना लागला होता, तिला फुलं माळायची होती, म्हणजे डोहाळजेवणच. साईशला तीन दिवस खोकला, म्हणून मी गेले नाही. निघताना सासूबाई म्हणाल्या, "तुजो चेडो कांचेचो मगो. जपून दवर." सिद्धेश मोपाला विमानतळावर ड्युटीवर होता. तिथं नवऱ्याचा फोन लॉकरमध्ये आणि गाडी पार्किंगमध्ये, दोन्ही मला सारखेच निरुपयोगी.

सुर्ल्याला रस्त्याकडेला घर असलं की सकाळी पुसलेली खिडकी दुपारी खाणीच्या धुळीनं पुन्हा तांबडी. साईशची छाती लगेच भरते. डॉक्टरांनी दर चार तासांनी मशीनमधून वाफेचं औषध द्यायला सांगितलं होतं. दहा मिनिटं मास्क तोंडावर राहायला हवा, आणि बोटावरच्या यंत्रातला ऑक्सिजनचा आकडा नव्वदच्या खाली गेला तर थेट हॉस्पिटल. तीन वर्षांचं पोर दहा मिनिटं मास्क ठेवतं ते एकाच लाचेवर, खारीच्या लग्नाचं गाणं. मी गायले तर मास्क ओढून म्हणतो, "तू नको. ती." म्हणून ते गाणं मी फोनवर उतरवून ठेवलं होतं. नेट असो नसो, वाजायचंच.

चार वाजता मशीन लावलं, ॲप उघडलं, तर त्यानं माझंच नाव विचारलं. रात्री चार्जिंगला असताना ते आपोआप अपडेट झालं होतं. पासवर्ड टाकून आत गेले. उतरवलेल्या गाण्यांची यादी रिकामी. वर शुभेच्छा, म्हणे नवं रूप कसं वाटलं.

वायफायवर गाणं लावलं. खारीला हळद लागेपर्यंत वाजलं आणि थांबलं. पडद्यावर आलं: 'गौरेशच्या फोनवर सुरू आहे.' साईशनं मास्क ओढला. मी 'इथे वाजवा' दाबलं. पुन्हा खार, पुन्हा मास्क. अर्ध्या मिनिटात पुन्हा गौरेश. तिकडे त्याचं गाणं बंद पडत होतं, तो परत लावत होता. इकडे मी. सुर्ला आणि पेडणे यांच्यात रस्सीखेच चालली होती आणि मध्ये माझ्या मुलाचा श्वास.

आकडा त्र्याण्णव.

मी गौरेशला फोन केला. मागे बायकांचा गलका.

"भावजी, दहा मिनिटं गाणी बंद ठेवा. साईशला मशीन लावलंय, गाण्याशिवाय घेत नाही."

"वयनी, हांगा फुलां माळटात, आनी तू खारीचें लगीन लायता? तूंच म्हण मगो गाणें. कॉलेजांत गायताली न्ही?"

"भावजी, त्याला दम लागलाय."

"दर रविवारी लागता ताका." फोन ठेवला.

लगेच पुन्हा केला. उचलला नाही. तिसऱ्यांदा केला, कापला. रडून साईशचा आवाज बसला होता. बनियन वर केलं तर प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता. आकडा ब्याण्णव.

मी सेटिंग्ज उघडल्या. 'सर्व फोनवरून बाहेर पडा.' ॲपनं विचारलं, नक्की? नक्की. मग पासवर्ड बदलला.

खार लागली. मास्क लागला. दोन मिनिटांत फोन वाजायला लागला, गौरेशचा. फोन आला की गाणं थांबतं, म्हणजे आता रागानंसुद्धा माझंच गाणं बंद पाडणार. कापला. मग हर्षाच्या नवऱ्याचा, संदीपचा. कापला. मग सासूबाईंचा. फ्लाइट मोड लावून नुसतं वायफाय चालू ठेवलं, तर गौरेश व्हॉट्सॲपवरून आला. त्याला ब्लॉक केलं. सख्ख्या दिराला. इतकं बरं मला वर्षभरात वाटलं नव्हतं.

खारीचं लग्न सलग चार वेळा लागलं. आकडा पंच्याण्णव, मग शहाण्णव. साईश मांडीवरच झोपला. मी सगळ्या ॲपचं आपोआप अपडेट होणं बंद केलं.

साडेसहाला सिद्धेश आला तो फोन कानाला लावूनच. "आई आहे. नुसतं सॉरी म्हण, विषय संपव."

मी फोन घेतला.

"पन्नास बायलांमुखार आमची लज काडली गो तुवें," सासूबाई म्हणाल्या. "हर्षा रडली."

"आई, मी सॉरी म्हणणार नाही. साईशचा आकडा ब्याण्णववर आला होता. बरगड्या आत जात होत्या. भावजींना फोन करून सांगितलं, तेव्हा त्यांनी तुम्हाला काय सांगितलं?"

"तुका सासरच्यांक गाणीं दिवंक जाय नात, अशें म्हणालो तो."

"बास? सासरच्यांना गाणी द्यायची नाहीत, एवढंच?"

"इतलेंच." नंतर दुसऱ्या कुणाला तरी, वेगळ्याच आवाजात, "गौरेशाक हांगा धाड." आणि मला, "आतां कसो आसा भुरगो?"

पोर कसं आहे हे दिवसभरात पहिल्यांदा कुणी विचारलं होतं, आणि त्यानं माझा राग उतरायच्या ऐवजी चढला. "शहाण्णव," म्हणाले आणि फोन परत दिला.

सिद्धेश झोपलेल्या साईशकडे बघत उभा राहिला. हळूच म्हणाला, "माझ्या फोनवरूनही गेलंय. मला तरी दे नवा पासवर्ड."

"आठ वाजता पुढचं औषध आहे. मास्क तू धर, दहा मिनिटं. मग विचार."