सगळ्यात शेवटी उतरणारी

आईला आपलं शहर दाखवायची थोरलीने जेवढी तयारी केली, तेवढी तिने स्वतःच्या, पुढे मोडलेल्या, लग्नातही केली नव्हती. कारणही तसंच होतं. आईच्या गुडघ्यांनी दगा दिला होता, तिसऱ्या मजल्यावरचं घर आता सोडावं लागणार होतं, आणि पुढे कुणाकडे राहायचं ते ती दोन्ही पोरांकडे राहून बघून ठरवणार होती. धाकट्याकडचा मुक्काम आधी झाला. आणि धाकटा म्हणजे कसला बेरकी! रोज फोटो पाठवायचा. आई मेट्रोत, आई सरकत्या जिन्यावर, आई फूड हॉलमध्ये हातात सूपचा वाडगा घेऊन. खाली लिहायचा, ‘ताई, आमच्याकडे सतरा काउंटर आहेत. तुझ्याकडे?’

थोरलीचा नुसता जळफळाट व्हायचा. लहानपणी या दोघांचं भांडण खिडकीच्या जागेवरून व्हायचं, आता ते शहरांवरून चाललं होतं, एवढाच काय तो फरक.

ती खिडकीही आईच्या बसचीच. आईने उभा जन्म कंडक्टरची नोकरी केली. नवरा लवकर गेला, घरी पोरांना बघायला कुणी नाही, म्हणून शाळेला सुटी असली की दोघांची वरात आईच्या बसमध्ये. मागच्या सीटवर अभ्यास, तिथेच झोप, तिथेच मारामाऱ्या. चुकामूक झाली तर काय करायचं तेही आईने बजावून ठेवलेलं. "रडायचं नाही, शोधत हिंडायचं नाही. सरळ शेवटचा स्टॉप गाठायचा. मी तिथे असेन."

तर त्या दिवशी थोरलीने चष्म्याच्या दुकानातून रजा काढली आणि आईला भर बाजारपेठेत नेलं. गाड्यांना बंदी असलेला चौक दाखवला, कारंजं दाखवलं, बुद्धिबळावरून हमरीतुमरीवर आलेले म्हातारे दाखवले. "बघ आई, कशी जाग आहे! धाकट्याकडे ऑफिसं सुटली की चौकात चिटपाखरू नसतं, तूच म्हणालीस ना?"

"हो, छान आहे," आई म्हणाली.

एवढंच! फूड हॉलमध्ये भाजलेला मासा आणि गरम पाव घेऊन दोघी बसल्या. आई चौफेर बघत म्हणाली, "त्याच्याकडे छत उंच होतं, पण समोरच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. इथे येतं." थोरलीची मान ताठ झाली. "पण तिकडच्या खुर्च्यांना पाठ होती गं." झालं, मान पुन्हा खाली.

हुकमाचं पान थोरलीने शेवटी ठेवलं होतं: ट्राम. दार फलाटाच्या पातळीला, पायरीच नाही, म्हणजे आईच्या गुडघ्यांना काही त्रास नाही. आईचा फोन थोरलीच्या पर्समध्ये होता, तो काढून तिने आईचे चार फोटो काढले आणि धाकट्याला धाडून दिले. जळू दे मेला! आईला मात्र जागा रिकामी असून बसवेना. ती दांडा धरून, पाठ ड्रायव्हरकडे आणि तोंड लोकांकडे करून उभी राहिली.

"कंडक्टर कुठाय?"

"आता नसतो गं आई."

"मग कुणाचं काही राहिलं-बिहिलं तर बघतं कोण?"

थोरलीने ते कानाआडच केलं. घराचा स्टॉप आला तशी ती बोलत बोलतच खाली उतरली. "आणि मेट्रोत कसं, बाहेरचं काही दिसतच नाही..." म्हणून मागे वळली, तर आई कुठाय? आई आतच! उभ्या जन्माची सवय, सगळे उतरल्याशिवाय उतरायचं नाही, आणि उतरण्याआधी सीटखाली बघायचं. ती वाकलेली असतानाच दार लागलं आणि ट्राम निघाली. काचेआड आईचा चेहरा दिसला आणि तिच्या हातात कुणा पोराचा एकच बूट.

थोरली ट्राममागे धावली, ओरडली, आईला फोन लावला, तर तो आपल्याच पर्समध्ये वाजला. परकं शहर, दुखरे गुडघे, जवळ फोन नाही. तिला रडूच कोसळलं. आणि रडता रडता आठवलं, रडायचं नाही. मागून आलेल्या ट्राममध्ये ती चढली आणि थेट शेवटच्या स्टॉपला गेली.

शहराचे एवढे गोडवे गायले, पण या टोकाला ती स्वतः कधी आली नव्हती. एक पत्र्याची शेड, एक नळ, खडीचा ढीग. बाकावर आई ऐसपैस बसलेली, मांडीवर बूट, हातात ड्रायव्हरच्या थर्मासमधला चहा.

"आलीस? येणार म्हणून चहा ठेवलाय तुझ्यासाठी."

थोरलीचा जीव भांड्यात पडला, आणि मग तिचा बांधच फुटला. "आई, तू इथेच राहा. ती ट्राम गेली खड्ड्यात आणि तो फूड हॉलही गेला खड्ड्यात. संध्याकाळी घरी येऊन कुलूप उघडायचं माझ्या जिवावर येतं गं. मला तू हवीयेस."

आईने चहा बाजूला ठेवला. "अगं बाई! मग हे आल्या दिवशीच बोलायचं ना! तो तिकडे काउंटर मोजतोय, तू इकडे कारंजी दाखवतेयस. राहा म्हणून तोंडातून काढलं का कुणी? मला वाटलं, पोरं म्हातारीला पाहुणीसारखं फिरवताहेत, म्हणजे पाहुणीसारखं निघावं."

"आणि उद्या धाकटाही म्हणाला तर?"

"तर जाईन त्याच्याकडेही महिनाभर. पण रांगेत पहिली तू." आईने पदराने लेकीचं नाक पुसलं, अगदी मागच्या सीटवर पुसायची तसं. बूट ड्रायव्हरच्या हवाली केला, आणि दोघी परतीच्या ट्राममध्ये बसल्या. बसल्या म्हणजे थोरली बसली.

घराचा स्टॉप आला. थोरली आधी उतरली, पण एक पाय तिने आतच ठेवला. दार मिटायला आलं, पायाला लागून उघडलं, पुन्हा आलं. ड्रायव्हर घंटी बडवायला लागला, लोक वैतागले.

"थांबा हो जरा," ती ओरडली, "माझी आई उतरायचीय!"

आत आई एकेका सीटखाली बघत सावकाश येत होती.